आतली कुपी

…जांभळी. नळीच्या दिव्याखाली धरली तरी जांभळी, पांढऱ्या टाइलसमोर धरली तरी जांभळी, आणि डोळे घट्ट मिटून पुन्हा उघडले तरी करंगळीच्या पेराएवढी ती कुपी जांभळी ती जांभळीच. दुसरी, टोपणावर पेनाने रेघ ओढलेली, पिवळी झाली होती, आणि तिने पिवळंच व्हायचं असतं — ती वाफेच्या यंत्रात जातच नाही, आपल्यातले जंतू जिवंत आहेत एवढं सांगण्यापुरती ती बाहेर राहते. आतली जांभळी म्हणजे वाफेने जंतू मेले. बाहेरची पिवळी म्हणजे ते मुळात जिवंत होते. अगदी जसं हवं तसं. तिने दोन्ही कुप्या उबवायच्या छोट्या पेटीत परत ठेवल्या, झाकण लावलं आणि हायसं वाटायची वाट बघत उभी राहिली.

हायसं काही वाटेना.

दुकान तिचं होतं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, आरसा आणि नक्षीच्या चित्रांनी भरलेली भिंत. मागच्या खोलीत काम. कान, नाक, बेंबी टोचून मिळेल, टॅटू काढून मिळेल, पस्तावलेल्यांचा जुना टॅटू झाकूनही मिळेल. घर वरच्या मजल्यावर, आतल्या जिन्याने. हे दुकान सुरू करताना आरोग्य खात्याने सांगितलं म्हणून जिन्याच्या तोंडाशी आपोआप मिटणारं दार बसवलं, कामाच्या खोलीची खिडकी कायमची बंद केली, पडदा काढला, पायपुसणं काढलं, लाकडाचं फडताळ भंगारात दिलं आणि भिंतींना डोक्याच्या वरपर्यंत पांढरी टाइल लावली. हात धुवायचं बेसिन वेगळं, हत्यारं धुवायचं वेगळं. हे नियम तिला कधी जाचले नव्हते. सासरची मंडळी तिच्या धंद्याला ‘टोचाटोची’ म्हणायची, तेव्हा ती ताठ मानेने म्हणायची, माझ्या खोलीत या आणि मग कुठल्याही दवाखान्यात जा, आणि मला सांगा कुठे जेवायला बसाल. कुणाला काही बोलता यायचं नाही, कारण ते खरंच होतं. आज मात्र, कितीतरी वर्षांनी, तिच्या लक्षात आलं की ह्या खोलीत वारा यायला कुठूनच जागा ठेवलेली नाही.

गेल्या आठवड्यात दोन्ही कुप्या पिवळ्या निघाल्या होत्या.

ही चाचणी दर महिन्याला करायची असते. सुया दर वेळी नव्या, वापरल्या की फेकायच्या, त्यांचा प्रश्न नसतो. पण सुई ज्यातून चालते त्या पोलादी नळ्या आणि टोचताना कातडी धरायचे चिमटे, हे पुन्हा पुन्हा वापरायचे. ते कागदी पिशव्यांत घालून वाफेच्या यंत्रात जातात. पिशवीवरची पट्टी काळी पडते, पण पट्टी फक्त ताप लागला एवढंच सांगते. जंतू मेले की नाही ते सांगते आतली कुपी. ती पिवळी निघाली म्हणजे यंत्र नुसतंच तापत होतं. मग दुकान बंद करायचं, खात्याला कळवायचं, आणि मागच्या चांगल्या निकालानंतर जो जो त्या खुर्चीवर बसला त्या प्रत्येकाला फोन करून सांगायचं, की बाबा रे, रक्त तपासून घे. रक्तातून पसरणारी कावीळ, आणि तिच्याहून वाईट जे काही असेल ते.

आणि ह्या वेळी त्या खुर्चीवर बसलेल्यांत ताई होत्या. तिच्या थोरल्या जाऊबाई.

खात्याला फोन तिने स्वतःच केला होता, लगेच, कुप्या हातात असतानाच. एवढं तरी तिच्या नावावर लागेल का कुठे? तपासायला येणारे साहेब ओळखीचे होते. दार असो की नळ, ते हात न लावता कोपराने उघडायचे, म्हणून तिने आणि ताईंनी त्यांचं नाव कोपरसाहेब ठेवलं होतं. कोपरसाहेब फोनवर शांतपणे म्हणाले, “आतली कुपी आत ठेवली होती ना?”

“हो, ठेवली होती.”

“नक्की?”

बस, एवढंच. ते काही संशयाने म्हणाले नव्हते, माणूस सवयीने म्हणतो तसं म्हणाले, भाजीवाल्याला आपण ‘ताजी आहे ना नक्की’ म्हणतो तसं. पण त्या ‘नक्की’नंतर ती गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यात काहीतरी सुटलं, आणि तिने म्हटलं, “बघते आठवून.” साहेब म्हणाले, “बघा. कधीकधी घाईत राहून जाते. तोवर दुकान बंद ठेवा, नवी चाचणी लावा, तिचा निकाल आला की मी येतो.”

बघते आठवून… काय आठवायचं होतं? त्या क्षणापर्यंत तिला शंकासुद्धा नव्हती. पण एकदा आठवायला बसल्यावर आठवेना असं काही नसतं. पहिल्या दिवशी नुसतंच ‘राहिलीही असेल’ एवढं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला एप्रनचा खिसा फुटला — दोन्ही कुप्या हातात, एकीवर रेघ ओढली, दुसरी पिशव्यांच्या मधे ठेवणार तेवढ्यात पुढच्या खोलीत फोन वाजला, म्हणून ती खिशात टाकली. मग फोनवर कोण होतं तेही आठवलं: शाईवाला, माल उशिरा येईल म्हणून सांगणारा. मग परत येऊन यंत्राचं दार लावलं, बटण दाबलं; ताई मोठ्या खुर्चीवर बधिर करायचं मलम भुवयांवर लावून डोळे मिटून पडल्या होत्या, झोपल्याच होत्या बहुतेक; आणि यंत्र थांबल्यावर पिशव्या काढताना खिशात हात गेला, कुपी लागली, ही आत जाऊन आलेली असं समजून ती उबवायच्या पेटीत ठेवली. काल रात्री तर त्या खिशातल्या कात्रीवर कुपी आपटल्याचा टिक् असा आवाजसुद्धा तिला ऐकू आला. खोटी आठवण इतकी बारीकसारीक येते का? नाहीच येणार. मी विसरभोळी आहेच की, सगळं घर सांगेल, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई मी. दूध उतू जाऊ देणारी. पण दुकानात? दुकानात मी कधी काय विसरले?

आणि एक गोष्ट मात्र काही केल्या आठवत नव्हती. यंत्रातून निघालेली कुपी गरम असते. त्या दिवशी बोटांना ती गरम लागली होती, की खिशातल्या वस्तूसारखी, अंगाच्या उबेची?

हेही एक वेळ चाललं असतं. शंका होती, पण तिचा निकाल लावायची सोय होती: तेच यंत्र, तसंच ठेवून, पुन्हा चालवायचं. आतली कुपी पुन्हा पिवळी निघाली तर यंत्र बिघडलेलं, जांभळी निघाली तर आपणच विसरलो. इतकं सरळ. आणि तिने काय केलं? फोन ठेवल्या ठेवल्या हातमोजे चढवले आणि यंत्राच्या दाराचं रबरी कडं बदललं. कुकरच्या झाकणाला असतं तसंच कडं, म्हणून तर घरात सगळे त्या यंत्राला कुकर म्हणतात. हे काही तिने विचार करून केलं नाही. हाताने केलं. चिमट्यावर ठिपका दिसला की आधी टाकून दे, ठिपका कसला ते नंतर बघ. हातमोज्याचा संशय आला की आधी बदल — इतकी वर्षं हाताला जे वळण लावलं त्या वळणाने हात चालले. जुनं कडं कडक झालं होतं का, त्याला चीर होती का, तिने बघितलंही नाही. गुंडाळलं, कचऱ्याच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं, नवं कडं पुसून बसवलं, नव्या कुप्या लावल्या, आणि यंत्राची सुई वर चढायला लागली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे आपण काय करून बसलो. तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

म्हणून ही जांभळी कुपी जांभळी असून तिच्या काही कामाची नव्हती. ती नव्या कड्याची जांभळी होती. त्या दिवसाबद्दल, ताईंच्या भुवयांबद्दल, ती काडीइतकंही सांगत नव्हती. आणि हे जगात एकट्या तिला माहीत होतं.

वर गेली तेव्हा ताई ओट्याशी चहा गाळत होत्या. जिन्याचं दार मागे आपोआप मिटलं.

“काय गं, लागला का तुझ्या कुकरचा निकाल?”

“लागला. जांभळी.”

“म्हणजे पास?”

“पास.”

“मग आता तरी तोंड सरळ कर. आठवडाभर घरात सुतक असल्यासारखी वावरते आहेस.” ताईंनी कप पुढे सरकवला आणि समोर बसल्या, आणि तिने चहात बघितलं, कारण वर बघितलं की त्या भुवया होत्या.

मोठ्या दुखण्यात औषधांनी ताईंचे केस गेले, ते परत आले, आधीपेक्षा कुरळे आले म्हणून कौतुकही झालं. पण भुवया आल्या नाहीत. भुवया नसलेला चेहरा कसा दिसतो हे तोवर तिला माहीत नव्हतं. ताई रागावल्या तरी कळायचं नाही, हसल्या तरी अर्धंच कळायचं. आरशावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटल्यावर तीच मागे लागली — ताई, मी काढते, एकेक केस वेगळा काढते, कुणाला पत्ता लागणार नाही. आणि काढल्या. पहिल्या बैठकीत रेघा, मग महिन्याभराने त्यात भर. डावी एका केसाने उंच गेली. ते फक्त तिला दिसतं, पण त्यामुळे ताई आता कायम काहीतरी विचारत असल्यासारख्या दिसतात. टॉवेल निघाला. ताई बाजारात जाऊ लागल्या. परवा त्या शेजारणीशी भांडल्यासुद्धा, आणि भांडून वर आल्यावर इतक्या खुशीत होत्या की भाऊजी म्हणाले, हिला रोज कुणाशी तरी भांडू द्या.

त्या ताईंना आता म्हणायचं, रक्त तपासा.

त्यांच्या हाताच्या शिरा संपल्या आहेत. शेवटी शेवटी तर रक्त काढणारी मुलगी मनगटावर, मग तळहाताच्या मागे, मग पायावर शोधत बसायची, आणि ताई भिंतीकडे बघत राहायच्या. मग निकालाची वाट बघणं. सगळं घर आवाज न करता जेवायचं, कुणी पेला जोरात ठेवला तरी सगळे दचकायचे. ते सगळं संपलं त्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या, आता सुईचं नाव काढायचं नाही माझ्यासमोर. आणि भुवयांच्या वेळी तिने जरा भीतभीतच विचारलं, ताई, सुई आहे हो यातही, तेव्हा म्हणाल्या, “ती सुई न्यायला यायची. तुझी सुई द्यायला येते. चालव.”

“बिस्कीट घे की,” ताई म्हणाल्या. “आणि मला सांग, तो कोपरसाहेब आला की चहा पाठवू का? कप कोपराने धरतो का बघायचंय मला.”

ती हसली. तिला खरोखरच हसू आलं, आणि तिने बिस्कीट चहात बुडवलं.

कोपरसाहेब दुपारी आले. शटर तिने अर्धंच वर केलेलं होतं, ते वाकून आत आले, कोपराने मधलं दार ढकललं, कोपराने नळ उघडून हात धुतले. माणूस भला. थकलेला. त्यांच्याकडे शहरातली सगळी न्हाव्यांची दुकानं होती, पोहण्याचे तलाव होते, सगळ्या खानावळी होत्या, आणि ती एकटीच अशी होती की जिच्याकडे आल्यावर त्यांना ओरडावं लागत नसे. हे त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यांनी कुप्या बघितल्या. उजेडाकडे धरून बघितल्या.

“उत्तम,” ते म्हणाले. “म्हणजे यंत्र ठीक आहे. मधे त्याला काही केलं नाही ना?”

“पुसलं,” ती म्हणाली.

पुसलं होतंच की. कडं बसवायच्या आधी खाच पुसली, नंतर दार पुसलं. हा शब्द खोटा नव्हता. तो तोंडातून इतका हलका निघाला, की तिला वाटलं, साहेबांच्या कानापर्यंत तरी पोचला की नाही. पोचला. त्यांनी मान हलवली.

“मग मागच्या वेळचं काय समजायचं? आठवलं का काही?”

तिने सांगितलं. एप्रन, खिसा, फोन, शाईवाला. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण हे फार चांगलं सांगतो आहोत, नको तितकं चांगलं, आणि कात्रीवर आपटल्याचा आवाज तिने मुद्दाम गाळला. साहेब ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते सुटकेचं समाधान होतं. त्यांनाही सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावायला, वर कळवायला, दुकानाला टाळं लावायला नकोच होतं. एका बाजूने ती ढकलत होती आणि दुसऱ्या बाजूने ते ओढत होते, मग गाडी चालायला कितीसा वेळ लागणार?

“म्हणजे कुपी आत ठेवायची राहिली, असं लिहितो.”

“तसंच झालं असणार.”

साहेबांनी पेन थांबवलं. “‘असणार’ नाही चालत, मॅडम. झालं, असं म्हणा.”

यंत्राच्या गोल दारात खोली वाकडी दिसत होती, तीही वाकडी, साहेबही. आत्ता म्हणता येईल. साहेब, मी कडं बदललं. चार शब्दांचं काम. मग दुकानाला टाळं, मग लग्न ठरलं म्हणून नाक टोचून गेलेली मुलगी, बायकोला न सांगता खांद्यावर जहाज काढून गेलेला ड्रायव्हर, मैत्रिणी-मैत्रिणी हसत आल्या त्या, एकेकाला फोन. आणि मग जिना चढून वर, ताईंकडे. ती सगळ्यांना फोन करू शकली असती. ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या असत्या. दुकान गेलं असतं तर पुन्हा उभं केलं असतं. पण तो जिना…

“झालं,” ती म्हणाली.

“शाबास. माणूस आहे, होतं असं. उद्यापासून उघडा.” त्यांनी कोपराने दार ढकललं, वाकून शटरखालून गेले, आणि त्यांची पावलं फरसबंदीवर लांब जाईपर्यंत ती ऐकत राहिली.

नवऱ्याचा फोन आला. त्याची नोकरी फिरतीची. तो कुठल्यातरी स्टेशनवरून बोलत होता, मागे गोंगाट होता. “मिटलं का?” “मिटलं.” “मग झालं तर. तू ना, उगाच काथ्याकूट करतेस.” आणि तो कशाबद्दल तरी बोलत राहिला, आणि ती हो हो म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले. मी काही खोटं बोलले नाही. मला आठवतं तेच सांगितलं. आठवतं म्हणजे… आठवतं. नाहीतरी कोण छातीठोकपणे सांगू शकणार होतं? जिथे कळायची सोयच उरली नाही तिथे माणसाने बरी बाजू धरली तर त्यात काय बिघडलं? आणि ताईंना काही झालेलं दिसत नाही. जेवतात, झोपतात, भांडतात. अर्थात ही दुखणी लगेच दिसत नाहीत, महिनोन् महिने गप्प बसतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? दर गिऱ्हाइकाला तीच तर सांगायची, तोंडपाठ.

ती खुर्ची पुसायला लागली. स्वच्छ खुर्ची, आठवडाभर कुणी न बसलेली.

जिन्याचं दार उघडलं आणि ताई आल्या. काम नसताना त्या खाली येत नसत. दारातच चपला काढून, प्लास्टिकच्या सपाता घालून आल्या, नियम पाळून.

“गेला कोपरसाहेब? कप घेऊन जिन्यात उभी होते मी. म्हटलं बोलणं संपू दे. चहा निवला शेवटी, मीच प्यायले.” त्या पुढ्यातल्या स्टुलावर टेकल्या. “काय गं, त्यांना विसरले म्हणून का सांगितलंस?”

“काय?”

“कुपी ठेवायला विसरले म्हणून. उगाच स्वतःकडे बोल घेतलास. ठेवलीस की तू.”

तिच्या हातातलं फडकं खुर्चीच्या दांडीवर थांबलं.

“मी इथेच नव्हते का पडलेले, ते मलम थापून? तू दोन्ही कुप्या माझ्या डोळ्यांसमोर धरल्यास. मी म्हटलं, जुळ्या दिसतात गं. तर तू म्हणालीस, जुळ्या खऱ्या, पण ही सासुरवाशीण, हिला वाफेत बसायचंय. मग मी म्हटलं, म्हणजे ती रेघवाली माहेरवाशीण, बसलीय बाहेर मजेत.” ताई आताही हसल्या. “मला इतकं हसू आलं की तू ओरडलीस, ताई, मलम डोळ्यांत जाईल. आणि मग त्या सासुरवाशिणीला पिशव्यांच्या मधोमध खुपसलंस आणि दार लावलंस. म्हणालीससुद्धा, बस बाई, सोस आता. फोन नंतर वाजला.”

बस बाई, सोस आता.

ते शब्द तिचे होते. ऐकल्याबरोबर तिच्या जिभेला ते कळले, डोक्याच्या आधी. आणि मग सगळंच आलं, एकदम, कुणी न बोलावता: ताईंच्या मलमाखाली हलणारं कपाळ, पिशव्यांचा कडक कागद, त्यांच्या मधे बोट घालून केलेली जागा, आणि नंतर, यंत्र थांबल्यावर, कुपी काढताना बोटाला बसलेला चटका — चटका बसला होता, बोट तिने कानाच्या पाळीला लावलं होतं. खिसा, कात्री, तो टिक् आवाज, ते सगळं काही नाहीसं झालं नाही. ते तसंच होतं, पण आता ते तिने केलेलं दिसत होतं, तिच्या हाताची नक्षी तिला ओळखू यावी तसं.

म्हणजे कुपी आत गेली होती. म्हणजे यंत्र बिघडलेलं होतं. म्हणजे ताईंच्या कपाळात ज्या नळीतून शाई गेली ती नळी…

आता सांगायचं. आत्ता, ह्या क्षणी, ह्याहून सोपी वेळ येणार नाही. ताई समोर बसल्या आहेत, हसताहेत. ताई, मग आपल्याला उद्या रक्त तपासायला जावं लागेल, मी येते तुमच्याबरोबर, मी हात धरून बसते. वाक्य तयार होतं. ते तिने मनात जुळवलंसुद्धा, आणि तोंड उघडलं.

“ते पहिल्या बैठकीचं असेल, ताई.”

“छे गं. पहिल्या वेळी मी कुठे हसत होते?”

“नाही म्हणजे… कुपी दाखवली असेन मी तुम्हाला, पण ती आधीच्या महिन्याची. मी दर महिन्यालाच लावते ना. तुमची गल्लत होत असेल.” आवाज तिचाच होता, गिऱ्हाइकाला समजावतानाचा, मऊ. “तुम्ही त्या दिवशी झोपेची गोळी घेऊन आला होतात. आठवतंय का? आदल्या रात्री डोळा लागला नाही म्हणून.”

“गोळी घेतली होती, पण…”

“आणि मलम लावल्यावर तुमचा डोळाच लागला. मी दोनदा हाक मारली तुम्हाला.”

ताई हसायच्या थांबल्या. भुवया जिथे होत्या तिथेच राहिल्या, त्या तशाच राहणार. त्यांच्याखालचे डोळे मात्र जरा इकडेतिकडे झाले, अनोळखी घरात दिव्याचं बटण शोधतात तसे.

“मला तर चक्क आठवतंय गं,” त्या हळू म्हणाल्या. “तुझं ते… सोस आता…” मग त्यांनी स्वतःच मान हलवली. “पण माझं काही खरं नाही हल्ली. परवा गॅस चालूच ठेवला म्हणे मी. हे म्हणाले. मी म्हटलं, अहो, मी बंद केला, बटण फिरवल्याचं मला आठवतंय. जाऊन बघते तर चालू.” त्यांनी कपाळावरून हात फिरवला, भुवयांना न लावता, तिने शिकवलं होतं तसा. “त्या औषधांनी केस गेले ते दिसले सगळ्यांना. आतलं काय काय गेलं ते कुणाला दिसतंय? असेल बाई. तुझंच बरोबर असेल.”

ती उभीच होती. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि किती लवकर झालं, जरासं ढकलल्याबरोबर. आठवडाभर तिला वाटत होतं की माहीत नसणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट, कळलं असतं तर निदान श्वास तरी घेता आला असता. आता कळलं होतं. नक्की कळलं होतं. आणि ज्या एका माणसाकडे ते नीट, जसंच्या तसं, हसण्यासकट जपून ठेवलेलं होतं, त्या माणसाच्या हातून तिने ते काढून घेतलं होतं, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या बाईच्या हातून, आणि त्या बदल्यात तिला तिच्याच डोक्याची भीती देऊन ठेवली होती. हे सुईने केलं नाही, यंत्राने केलं नाही. मी केलं. आत्ता, धुतलेल्या हातांनी.

ताई स्टुलावरून उठल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता, शंकाही नव्हती. लहान मूल रस्ता ओलांडताना बघतं तेवढा भरवसा होता.

“मग नव्हतीच ना ठेवलीस तू?” त्यांनी विचारलं. “एकदा नीट सांग बाई, म्हणजे मी तसं लक्षात ठेवते.”

ती जे म्हणेल ते ताई आता लक्षात ठेवणार होत्या. हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही. इतकं सगळं तिच्या एका शब्दावर कुणी कधी सोडलं नव्हतं, आणि आज सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुपीची नाही, साहेबांची नाही, रक्ताच्या निकालाचीही नाही, तर आपल्या तोंडातून आता काय निघेल याची भीती वाटली. ताई वाट बघत होत्या.